बासरीला लावायचं तेल

"खायला की लावायला?" दुकानदाराने विचारलं.

"लावायला."

"डोक्याला की अंगाला?"

मशीनकाकांनी मागे वळून पाहिलं. मागे दोन बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या आणि दोघींनाही काही घाई दिसत नव्हती. काका गल्ल्यावर जरा ओणवे झाले. "बासरीला," ते हळू म्हणाले.

"कशाला?"

"बासरीला हो. बांबूची असते ती. फुंकायची."

"बासरी माहीत आहे काका मला. पण तिची मालिश करतात, हे आज कळलं."

मागच्या बायका हसल्या. मग मात्र सगळ्यांनाच विषय आवडला. एकीचं म्हणणं पडलं, जवसाचं घ्या, आमच्या दारा-खिडक्यांना तेच लावतो, लाकूड हूं की चूं करत नाही. दुसरी म्हणाली, जवसाचं चिकट होतं, धूळ बसते, खोबरेलासारखं दुसरं काही नाही. दुकानदाराने मोहरीच्या तेलाची बाजू घेतली. त्याच्या वासाने म्हणे कीड फिरकत नाही. "कीडच काय, वाजवणारासुद्धा फिरकायचा नाही," पहिली बाई म्हणाली.

"सगळ्यांतलं थोडं थोडं द्या," काका म्हणाले आणि त्यांनी खिशातून औषधाच्या रिकाम्या बाटल्या काढून ओळीने गल्ल्यावर मांडल्या. "तिळाचं आणि बदामाचंही घाला."

"एवढी तेलं तर मी माझ्या बायकोला आणली नाहीत," दुकानदार हसत म्हणाला आणि एकदम थांबला. बासरी कुणाची, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं असावं. बाटल्या भरता भरता त्याने विचारलं, "काकू कशा आहेत आता?"

"आहे. उशीला टेकून बसते."

"बोलतात?"

"एक शब्द," काका म्हणाले.

मशीनकाका शिलाई मशीन दुरुस्त करत. गावातल्या कुठल्या घरात कुठलं मशीन आहे, कुणाचा टाका सुटतो, कुणाचा पट्टा सैल आहे, हे त्यांना माणसांच्या आधी आठवायचं. मशीन बाजूला कलतं करायचं, बॉबिनच्या खाचेतला कचरा काढायचा, सुटे भाग रॉकेलमध्ये धुवायचे, टोकदार नळीच्या डबीने जागोजागी थेंब सोडायचा. एवढं केलं की निम्मी मशीनं बरी होतात, असं ते सांगत. इतकी वर्षं रॉकेल हुंगून त्यांच्या नाकाने कायमची रजा घेतली होती. शेजारच्यांचं दूध उतू जाऊन करपलं तरी काकांना ते बघितल्याशिवाय कळत नसे.

त्यांची बायको बसस्थानकावर गाड्या पुकारायची. काचेमागच्या छोट्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागणार, कुठली उशिरा येणार, हे तिने सगळ्या गावाला सांगितलं होतं. कामावर बोलायची आणि घरी येऊनही बोलायची. काकांना बोलायची वेळच यायची नाही आणि त्यांची त्याबद्दल तक्रारही नव्हती. ती मध्येच विचारायची, "अहो, ऐकताय ना?" काका म्हणायचे, "हं." एवढ्यावर त्यांचा संसार झकास चालला होता. एक मुलगी झाली, शिकली, लग्न करून दूरच्या शहरात गेली.

निवृत्त झाल्यावर बायकोने एक दिवस जाहीर केलं की ती बासरी शिकणार. काकांना वाटलं, चार दिवसांचं खूळ आहे. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या पुकारल्या," ती म्हणाली. "आता जरा माझी." सायकलच्या दुकानावरच्या खोलीत एक सर बासरी शिकवत. त्यांच्या वर्गात ती सगळ्यात म्हातारी विद्यार्थिनी. सुरुवातीला घरात नुसता वारा वाहायचा. मग कुकरच्या शिटीसारखं काहीतरी निघायला लागलं. काका हत्यारांची पिशवी घेऊन मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. पुढे सूर बरे लागू लागले, पण तोवर काकांना पायऱ्यांची सवय झाली होती.

आणि एका सकाळी ती मोरीच्या दारात पडली. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं गेलं. एक 'नाही' तेवढा शिल्लक राहिला. पाणी हवं तरी नाही, नको तरी नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. डोक्यात सगळं असतं, तोंडाशी एकच शब्द येतो. काका सकाळ-संध्याकाळ दवाखान्यात जात आणि त्या 'नाही'चा अर्थ तिच्या डाव्या डोळ्यात शोधत.

घरी आल्यावर मात्र शोधायलाही काही नसे. काका स्वयंपाकघरातला दिवा लावत, मग बाहेरच्या खोलीतला, मग उगाच मागच्या दारचा. आपल्यालाच ऐकू यावं म्हणून भांडं जरा आपटून ठेवत. एका संध्याकाळी खिडकी लावताना त्यांना बासरी दिसली. बायको मोरीत पडली त्या दिवसापासून खिडकीतच पडून होती. रोजच्या उन्हाने बांबूचा रंग उडाला होता. आत डोकावलं तर पांढरट, कोरडं. आणि बांधलेल्या दोऱ्याजवळ केसाएवढी एक रेघ.

काकांचा हात सवयीने तेलाच्या डबीकडे गेला. नळी बासरीच्या तोंडाशी नेली आणि ते थांबले. मशीनला कुणी ओठ लावत नाही. हिला ती लावते.

दुसऱ्या दिवशी ते सायकलच्या दुकानावरचा जिना चढले. सरांनी बासरी हातात घेऊन उजेडाकडे धरली.

"रेघ वरवरची आहे. तेल पाजलं तर इथेच थांबेल," ते म्हणाले. "पण तुमचं मशीनचं तेल चुकूनसुद्धा लावू नका. ते जमिनीतून काढलेलं. बांबूला झाडाबियांचंच लागतं. आणि फुंकताना तो वास छातीत जातो, काका."

"मग कुठलं?"

"त्याला एक उत्तर नाही. मोहरीचं आत चांगलं मुरतं, पण उग्र. खोबरेल थंडीत थिजतं. जवसाचं लवकर सुकतं, जास्त झालं की आत थर धरतो. बदामाचं हलकं, तिळाचं मधलं. मी बदामाचं वापरतो. काही जणांना तो वासही नको असतो." सरांनी बासरी परत दिली. "काकू कुठलं लावायच्या? तेच लावा. बांबूला आणि माणसाला एकदा सवय झाली की बदलू नये."

काका बासरीकडे बघत राहिले.

"काय झालं?"

"मला माहीत नाही," काका म्हणाले. "ती लावायची, तेव्हा मी बाहेर बसलेलो असायचो."

घरी येऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या बाटल्या काढल्या, तिच्या कपाटातला खण उपसला. तेलाचा एक बोळा सापडला, तो नाकाशी धरला. काही कळलं नाही. कळणार कसं? म्हणून मग दुकान आणि म्हणून त्या बाटल्या.

दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बोलायला शिकवणारी बाई बसली होती. ती रोज थोडा वेळ येई. तळहातावर कापसाचा बोळा ठेवून तो फुंकरीने उडवायला लावी. आजही बोळा जागचा हलला नव्हता.

"हे चालेल का?" काकांनी बाटल्या दाखवत विचारलं. "तिला फक्त वास घ्यायला सांगायचं आहे."

"चालेल की," बाई म्हणाली. "उलट चांगलंच आहे. विचारा त्यांना."

काकांनी पहिली बाटली उघडून तिच्या नाकाखाली धरली. "बासरीला कुठलं लावायचीस ते सांग. हे मोहरीचं."

तिने तोंड फिरवलं. "नाही."

"हे खोबरेल."

"नाही."

जवसाला तर तिने डाव्या हाताने बाटलीच ढकलली. बाई हसली. बदामाचं तिने जरा वेळ हुंगलं आणि डोळे मिटले. पण डोळे उघडून ती पुन्हा "नाही" म्हणाली, अगदी हळू, कुणाला तरी वाईट वाटू नये म्हणून म्हणावं तशी.

शेवटची बाटली तिळाची. तिने ती हुंगली नाही. काकांच्या हातातून काढून घेतली, पांघरुणावर पडलेल्या आपल्या उजव्या हातावर कलती केली आणि तेलाची धार तळव्यात सोडली. मग बाटली काकांकडे देऊन डाव्या अंगठ्याने ते तेल एकेका बोटाला चोळू लागली. बोटं वळलेली होती. ती एक उलगडायची, दुसरं उलगडेस्तोवर पहिलं परत मिटायचं.

"म्हणजे हेच का? हेच लावायचीस?"

"नाही," ती म्हणाली आणि अर्धं हसली. म्हणजे चेहऱ्याचा अर्धा भाग हसला.

काकांना त्यातून काय घ्यावं ते कळेना. मग त्यांनी खाटेच्या कडेवर बसून तिचा हात मांडीवर घेतला आणि तिसरं बोट धरून ठेवलं. बोलायला शिकवणारी बाई कापूस उचलून निघून गेली, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

बासरीला तिळाचंच लावायचं ठरलं. सरांनी सांगितलं होतं तसा त्यांनी काडीला मऊ फडक्याचा तुकडा गुंडाळला, तेलात बुडवून पिळला आणि बासरीच्या आतून फिरवला. मशीनला तेल कुठे किती द्यायचं हे ठरलेलं असतं. इथे तसं काही नव्हतं. बांबू पीत होता. सकाळी पाहिलं तर पुन्हा कोरडा. पुन्हा दिलं. मग बाहेरून दिलं, छिद्रांच्या कडांना बोटाच्या टोकाने दिलं. बासरी आडवी सावलीत ठेवली. असं चार-सहा वेळा झाल्यावर बांबूने पिणं थांबवलं, त्याला मधासारखा रंग आला आणि ती रेघ पुढे सरकायची थांबली. काकांनी ती रोज नखाने चाचपली.

मुलीचा फोन आला तेव्हाही ते फडकंच पिळत होते.

"बाबा, पलंगाला कठडा लावला का?"

"लावला."

"मोरीत धरायला दांडी?"

"दोन लावल्या. तिकडून फोनवर काय मुकादमी करतेस? ये आणि बघ."

"येणार आहे हो. सुट्टी मिळू दे. आत्ता काय करताय?"

"बासरीला तेल लावतोय."

"बाबा," मुलगी म्हणाली, "डॉक्टर काय म्हणाले ते आठवतंय ना? आई वाजवेलच असं नाही."

"न वाजवायला काय झालं? डावा हात चांगला आहे. वरची तीन छिद्रं डाव्याच हाताची असतात. सरांनी सांगितलंय, तेवढ्यावरसुद्धा चार सूर निघतात."

"तुम्ही एवढं कधी शिकलात?"

"शिकलो," काका म्हणाले. "तुम्ही घरात नाही कुणी. करू काय?"

बायको दवाखान्यातून घरी आली. काकांनी पहिले काही दिवस बासरीचं नावही काढलं नाही. तिला उठवणं, भरवणं, दांडी धरून दोन पावलं चालवणं, यातच दिवस संपायचा. मशीनची कामं त्यांनी शेजारच्या गल्लीपुरतीच ठेवली. मग एका दुपारी, ती खुर्चीत नीट बसलेली, तोंडावर उजेड आलेला पाहून, त्यांनी फडक्यातून बासरी काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

तिने ती ओळखली, हे विचारायची गरजच नव्हती. डाव्या हाताने उचलून तिने ती उजेडात धरली, आतून पाहिली, दोऱ्याजवळच्या त्या रेघेवरून अंगठा फिरवला. काकांकडे पाहिलं. काका परीक्षेला बसल्यासारखे उभे होते.

"दुसरं टोक मी धरतो," ते म्हणाले. "तू फक्त फुंक."

तिने बासरी ओठांना लावली. पलीकडचं टोक काकांनी दोन्ही हातांनी तोललं. तिची तीन बोटं तीन छिद्रांवर बसली, अगदी घरच्यासारखी. तिने श्वास घेतला आणि फुंकलं.

हवा ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून निघून गेली. तिने पुन्हा फुंकलं, पुन्हा. तिसऱ्यांदा हवेबरोबर लाळ आली आणि बासरीवरून काकांच्या हाताकडे ओघळली. तिने बासरी खाली केली, मनगटाने तोंड पुसलं आणि खिडकीकडे पाहिलं.

"पहिल्या वेळेला काय होतं?" काका म्हणाले. "पहिल्यांदा आणलीस तेव्हा तर नुसता वारा वाहायचा. आठवतं? उद्या बघू."

उद्याही तेच झालं. परवा तिने बासरी ओठांना लावलीच नाही. काकांनी लहान मुलाला औषध पाजावं तशी मनधरणी केली. एकदाच. थोडंसं. माझ्यासाठी. रोज दुपारी ते बासरी आणून मांडीवर ठेवत आणि रोज ती डाव्या हाताने बाजूला सारत असे. एके दिवशी काकांनी ती स्वतःच तिच्या ओठांशी नेली. तिने इतक्या जोराने हात झटकला की बासरी पलंगाखाली गेली.

"नाही!"

इतक्या महिन्यांत काकांना या शब्दाचे नाना अर्थ लावावे लागले होते. या वेळी काही लावावं लागलं नाही. ते गुडघ्यांवर बसले, पलंगाखालून बासरी काढली, शर्टाला पुसली आणि कपाटात ठेवली.

त्यानंतर त्यांनी तिला विचारलं नाही. पण आठवड्यातून एकदा फडकं आणि बाटली घेऊन ते तेल लावायला बसत. ती खुर्चीतून बघत राही. काकांना वाटे, ती बघतेय हेही काही कमी नाही. मध्ये एकदा सर तिला भेटायला आले, तेव्हा काकांनी अभिमानाने बासरी पुढे केली. सरांनी ती पाहिली, छान आहे म्हणाले. वर्गात एक नवीन विद्यार्थिनी आली आहे, तिच्याकडे अजून बासरी नाही, असंही बोलता बोलता तिला सांगितलं. मग निघताना दारात, ती ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाले, "काका, तेल हे अर्धंच काम. बांबूला आतून वाजवणाऱ्याची वाफ लागते. कितीही जपली तरी बंद बासरी एक दिवस कोरडी पडते."

ती ऐकणार नाही, असं सरांना वाटलं होतं. कान तर चांगले होते तिचे.

पुढच्या वेळी काका तेल लावून बासरी फडक्यात गुंडाळत होते, तेव्हा तिने खुर्चीच्या हातावर थाप मारली. काकांनी वर पाहिलं. तिने बासरीकडे बोट केलं, मग दाराकडे.

"बाहेर बसायचंय?"

"नाही." पुन्हा बासरी, पुन्हा दार. मग खुंटीवरची कापडी पिशवी. तिच्या वर्गाला जायच्या वेळची.

काकांना कळलं. त्यांनी न कळल्यासारखं केलं. "पिशवी धुवायची? उद्या धुतो."

ती त्यांच्याकडे नुसती बघत राहिली. इतक्या वर्षांच्या सहवासात काकांनी तिला गप्प बसून असं बघताना कधी पाहिलं नव्हतं. बोलून बोलून ती त्यांना हरवायची, तेव्हा हरणं सोपं होतं.

"अगं, राहू दे की घरात," ते म्हणाले. "काय खायला मागतेय ती? मी लावीन तेल. मला जमतं आता. होईल हळूहळू बरं, मग लागेल ना तुला? तेव्हा कुठून आणायची?"

तिने मान हलवली. रागावली नव्हती. डावा हात पुढे करून तिने त्यांच्या शर्टाची बाही धरली, जरा ओढली आणि सोडली.

काकांनी पिशवी काढली.

सरांच्या खोलीत वर्ग नुकताच सुटला होता. पिशवी घेऊन आलेल्या काकांना पाहून सरांनी खुर्ची सरकवली. काका बसले नाहीत.

"एक नवीन विद्यार्थिनी आली आहे, असं म्हणत होतात त्या दिवशी," ते म्हणाले. "तिच्याकडे बासरी नाही म्हणून."

"काका, मी ते तुम्हाला सुचवायला म्हणून नव्हतो म्हणालो. राहू दे तुमच्याकडे. काकूंची आठवण..."

"आठवण कसली? ती बसलीय घरी खुर्चीत," काका म्हणाले. "तिनेच सांगितलंय द्यायला."

"बोलल्या त्या?"

"हो," काका म्हणाले. "स्पष्ट बोलली."

सरांनी आणखी काही विचारलं नाही. फडकं सोडून त्यांनी बासरी ओठांना लावली आणि एक सूर धरला, खालचा, लांबलचक. काका पिशवीची घडी घालायच्या बेतात होते, ते तसेच उभे राहिले. हा सूर त्यांनी ऐकलेला होता. भिंतीपलीकडून, पायऱ्यांवर, मांडीवर कुणाचं तरी बॉबिन घेऊन. इतक्या जवळून कधी ऐकला नव्हता. सूर संपला तरी खोलीत जरा वेळ काहीतरी उरलं.

"छान राखलीत," सर म्हणाले.

काकांनी मान डोलावली आणि जिन्याची भिंत धरत खाली उतरले. रस्त्यावर दिवे लागायला सुरुवात झाली होती. सायकलवाला चाकात हवा भरत होता. काका जरा वेळ त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग, घरी ती एकटी आहे, हे आठवून भराभर चालू लागले.

ती खुर्चीत तशीच होती. खोलीत अंधार झाला होता. काकांनी दिवा लावला नाही, समोरच्या स्टुलावर बसले.

"दिली," ते म्हणाले.

ती काहीच बोलली नाही. तो एक शब्दही नाही.

काकांना वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं. पण ही वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी घसा साफ केला.

"आज सकाळी त्या कोपऱ्यावरच्या घरी गेलो होतो," ते म्हणाले. "त्या उंच बाई नाहीत का? त्यांचं मशीन. म्हणे, टाकाच बसत नाही. मी म्हटलं, सुई बघू. तर सुई उलटी." ते थांबले. इथे ती हसून म्हणाली असती की त्या बाईचं सगळंच उलटं असतं. बाहेर कुणाचं तरी दार वाजलं. "सुई उलटी लावलेली," काका पुढे म्हणाले, "आणि म्हणे मशीन बिघडलं. मी काही बोललो नाही. गुपचूप सरळ केली."

ती त्यांच्याकडे वळून बघत होती की खिडकीकडे, अंधारात दिसत नव्हतं. काका उठले, चाचपडत स्वयंपाकघरात गेले आणि तिच्यासाठी पाणी कोमट करायला ठेवलं. तिला ऐकू जावं म्हणून त्यांनी आवाज जरा चढवला.

"मग त्या बाई म्हणाल्या, काकू कशा आहेत? मी म्हटलं, आहे चांगली. चालते आता दारापर्यंत. त्या म्हणाल्या, मी येऊन जाईन एकदा."

बोलता बोलता ते मध्येच थांबत होते. तिचं एखादं वाक्य मावेल एवढा वेळ ते पाण्याच्या भांड्याकडे बघत उभे राहत आणि मग पुढचं सांगू लागत.